टायरची रुंदी रिम ठरवते

दुकानात टायर मागताना आपण रुंदी सांगतो. नव्वदचा द्या, शंभरचा द्या. दुकानदारही भिंतीवर टांगलेल्या टायरांतून तसा काढून देतो. पण भिंतीवर टांगलेल्या त्या टायरला अजून पक्की रुंदी मिळालेलीच नसते. त्याच्या दोन्ही कडा मोकळ्या असतात, आत हवा नसते, हाताने दाबला तर तो मिटतो, ओढला तर फाकतो. रिमवर चढून कडा आपापल्या खाचेत बसल्या आणि हवा भरली की मग त्याचा आकार ठरतो. तोच टायर अरुंद रिमवर बसवला तर अंग चोरतो, रुंद रिमवर बसवला तर पसरतो. रबर तेच, छापलेला आकडा तोच, तरी रुंदी वेगळी! मोटरसायकलच्या चाकातली ही मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे, आणि तिचा हिशेब कुणालाही वहीवर मांडता येतो.

यवतमाळ जिल्ह्यात हा हिशेब रोज कुठेतरी चुकतो किंवा जमतो. आर्णी, दारव्हा, पुसद, घाटंजी, कुठेही जा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर इथला संसार चालतो. वावरात जाणारा शेतकरी, फवारणीचा पंप, खताचं पोतं, दुधाच्या कॅना, शाळेतली मुलं, सगळं त्याच दोन चाकांवर. या गाड्यांच्या गर्दीत एखादी वेगळी उठून दिसते: पुढचं चाक सडपातळ आणि मागचा टायर कंपनीच्या मापापेक्षा बराच जाड. टायर जाड टाकला म्हणजे गाडी रस्ता घट्ट धरते, भारदस्तही दिसते, असा त्यामागचा विचार. रिम मात्र बहुतेक वेळा जुनीच असते. तिथेच सगळी गंमत आहे.

एका ओळीत तीन मापं

टायरच्या बाजूला छापलेलं वाचू. समजा लिहिलंय १००/९०-१७ आणि पुढे ५५पी. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्क्यांत: रुंदीच्या ९० टक्के इतकी टायरची उंची, म्हणजे ९० मिलिमीटर. तिसरा इंचांत: टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन वेगळी मापं एकाच ओळीत शेजारी बसलेली असतात. त्यांवरून चाकाची एकूण उंचीही काढता येते. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वर ९० आणि खाली ९०. झाले सुमारे ६१२ मिलिमीटर.

पुढचा ५५ हा भाराचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ तो टायर योग्य हवेवर २१८ किलो तोलू शकतो. ‘पी’ हे अक्षर वेगाचं. ताशी १५० किलोमीटरपर्यंत. जुन्या पद्धतीच्या टायरवर २.७५-१८ असं असतं, तिथे रुंदीही इंचांत. आणि एका लहानशा चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात साच्यातून निघाला.

आता रिमकडे या. तारांच्या चाकात रिमच्या पट्टीवर आणि अलॉय चाकात आऱ्यांच्या जवळ कुठेतरी तिचंही माप कोरलेलं किंवा ओतलेलं असतं. शंभर सीसीच्या गाड्यांवर सर्रास दिसणारं माप म्हणजे १.६० × १८. यातला १.६० हा आकडा रिमच्या रुंदीचा, इंचांत. तो बाहेरून मोजलेला नसतो. रिमच्या दोन उभ्या काठांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर म्हणजे ही रुंदी, कारण टायरच्या कडा तिथेच टेकतात. १.६० इंच म्हणजे जेमतेम ४१ मिलिमीटर. त्यावर ८० मिलिमीटरचा टायर बसतो! आपल्याला रस्त्यावर दिसणारा टायर त्याच्या आधारापेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद असतो, आणि तरीही खडीवरून, डांबरावरून, दोन माणसं आणि एक पोतं घेऊन तो नीट चालतो.

हवेचा जोर

हे शक्य होतं ते हवेमुळे. १००/९०-१७ च्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो इतकी हवा भरली, म्हणजे साधारण २८ पीएसआय, तर टायरच्या एका बाजूच्या भिंतीवर किती जोर पडतो ते पाहा. बाहेरचं वर्तुळ ६१.२ सेंटिमीटरचं, आतलं ४३.२ सेंटिमीटरचं. दोन वर्तुळांमधल्या कड्याचं क्षेत्रफळ सुमारे १,४७५ चौरस सेंटिमीटर. त्याला दोनने गुणा: जवळजवळ २,९५० किलो. म्हणजे तीस क्विंटलला थोडं कमी! उभ्या असलेल्या साध्या मोटरसायकलच्या मागच्या टायरची डावी भिंत डावीकडे आणि उजवी भिंत उजवीकडे हवा एवढ्या ताकदीने ढकलत असते, रात्रंदिवस.

हा जोर दोघं मिळून पेलतात. रबराच्या आत नायलॉनच्या दोऱ्यांचं तिरपं विणलेलं कापड असतं. ते हा ताण झेलतं. आणि टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचं कडं असतं. ते रिमच्या काठाला जाऊन भिडतं. रबर ताणलं जातं, दोरा जवळजवळ नाही आणि तार तर नाहीच. टायरचा आकार खरं तर या न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांचा आकार आहे. रबर त्यांना रस्त्यापासून आणि पाण्यापासून जपतं.

आता मुख्य गोष्ट. दोऱ्याची लांबी कारखान्यातच ठरलेली. तो एका कडेच्या तारेपासून निघून वर, माथ्यावरून, दुसऱ्या कडेच्या तारेपर्यंत येतो. हवा त्याला जमेल तितका गोल करते. दोरा आणि रिममधलं अंतर मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं असं क्षणभर धरू. रिम दहा मिलिमीटरने रुंद केली तर वर्तुळाचा परिघ दहाने वाढला. परिघ वाढला की व्यास त्याच्या ३.१४ व्या भागाने वाढतो, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडा वर. खरा टायर अगदी पूर्ण वर्तुळ नसतो, म्हणून प्रत्यक्षात वाढ थोडी जास्त होते. टायर उद्योगाच्या मापांत ती ४० टक्के धरतात: रिमच्या रुंदीत पडलेल्या फरकाच्या ४० टक्के फरक टायरच्या रुंदीत पडतो. अर्धा इंच रिम बदलली की टायर पाच मिलिमीटर बदलतो. शाळेत शिकलेला पाय हा आकडा पंक्चरच्या दुकानात असा भेटतो.

शंभरचे एक्याण्णव

मग १.६० च्या रिमवर शंभरचा टायर टाकला तर काय होईल? टायरवर छापलेली रुंदी एका ठरावीक मोजमापाच्या रिमवरची असते. १००/९० साठी ती रिम २.५० इंचांची. २.५० आणि १.६० यांच्यातला फरक ०.९० इंच, म्हणजे २३ मिलिमीटरच्या जवळपास. त्याचे ४० टक्के म्हणजे नऊ मिलिमीटर. शंभरचा म्हणून घेतलेला टायर गाडीवर एक्याण्णवच्या आसपास भरतो. पैसे शंभरचे मोजले, रिमने त्यातले नऊ कापून घेतले.

रुंदी गेली हे तर लहान नुकसान. मोठा बदल आकारात होतो. दोन्ही कडा जवळ आवळल्या गेल्या की माथा वर उचलला जातो आणि टायर टोकदार होतो. सरळ चालताना तो मधल्या निमुळत्या पट्ट्यावरच चालतो, तेवढाच पट्टा लवकर झिजतो, आणि दोन्ही बाजूंची कोरी नक्षी रस्त्याला क्वचितच लागते. शिवाय भिंती रिमच्या बाहेर फुगून लोंबतात. त्यांना खालून आधार उरत नाही, त्यामुळे वळणावर आणि ओझं लादल्यावर गाडी मागून डुलते. कडेची तार रिमला ज्या कोनात बसायला हवी त्या कोनात बसत नाही. ट्यूबलेस टायर असेल तर तिथूनच हवा हळूहळू निसटण्याची शक्यता असते.

उलट चूकही तितकीच महाग. रुंद रिमवर अरुंद टायर टाकला तर कडा लांब ओढल्या जातात आणि माथा सपाट होतो. गाडी सरळ रेषेत हट्टाने उभी राहते, वळताना आधी तिरपी व्हायला तयार होत नाही आणि मग एकदम कडेवर पडते. रिमचा काठ टायरच्या बाहेर डोकावतो, आणि पहिला खड्डा त्या काठालाच लागतो. ताणलेली कड खाचेतून सुटण्याचा धोकाही तिथेच.

टेकणारा तुकडा

जाड टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, ही समजूत इतकी साहजिक आहे की तिच्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. पण हिशेब करून पाहा. गाडी आणि दोन माणसं मिळून मागच्या चाकावर दीडशे किलो भार आला आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलो असली, तर तो भार तोलायला लागणारी जागा निघते सुमारे ६५ चौरस सेंटिमीटर. आठ बाय आठ सेंटिमीटरचा चौकोन काढा, एवढीच! या हिशेबात टायरची रुंदी कुठेच आली नाही. भार आणि हवा, दोनच गोष्टी आल्या. भिंतींच्या ताठपणामुळे आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण मूळ गोष्ट टिकते. टायर रुंद केला तर टेकणारा तुकडा आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. रुंद टायरचे फायदे खरे आहेत: जास्त रबर झिजायला मिळतं, उष्णता पसरते, ताकदवान इंजिनाचा जोर आडव्या तुकड्यावर चांगला पेलला जातो. २०० सीसीच्या आणि त्यापुढच्या अनेक गाड्यांना १३० किंवा १५० चे टायर दिलेले असतात ते उगाच नाही. पण त्या गाड्यांना रिमही तशीच रुंद मिळालेली असते.

आणि मोटरसायकलचा टायर गोल का ठेवलाय, मोटारीसारखा चपटा का नाही? कारण मोटरसायकल कलून वळते. स्टीलचा पेला फरशीवर आडवा ठेवून हलकेच ढकला. तो सरळ जात नाही. तोंडाची बाजू मोठी आणि बुडाची लहान, म्हणून तो बुडाभोवती गोल फिरतो. कललेल्या टायरचंही तसंच. त्याचा जमिनीला लागलेला भाग एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता, म्हणून तो आपसूक आत वळू पाहतो. हँडल फारसं न फिरवता गाडी नुसती कलल्यावर वळते त्यात या जोराचा मोठा वाटा आहे. आता लक्षात येईल की टायरची गोलाई बिघडली म्हणजे काय बिघडतं. चुकीच्या रिमने टायर टोकदार किंवा चपटा केला की गाडीचं वळणंच बदलतं. शिवाय टायर जितका रुंद तितका कलताना टेकणारा तुकडा मध्यापासून बाजूला सरकतो, म्हणून त्याच वेगाने तेच वळण घ्यायला रुंद टायरच्या गाडीला थोडं जास्त कलावं लागतं.

काळ्या मातीचा कौल

यवतमाळच्या बहुतेक शिवारात काळी कापसाची माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि पांदण रस्त्यावर हाताला न सुटणारा गारा होतो. या गाऱ्यात अरुंद टायरचा स्वभाव कामी येतो. तो वरचा चिखल कापत खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो. रुंद टायर वरच राहून घसरतो. कोरड्या वाळूत हिशेब उलटा असतो. तिथे रुंद टायर बुडत नाही, म्हणून तो बरा. पण आपल्याकडे वाळूपेक्षा गारा जास्त.

दुसरी अडचण जागेची. मागच्या चिमट्यात, चेनच्या शेजारी आणि मडगार्डखाली कंपनीने ठेवलेली फट टायरच्या मूळ मापाला धरून असते. जाड टायर ती फट खातो. कोरड्या डांबरावर ते खपून जातं. जुलैत मात्र टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळी माती ठासून भरते आणि चाक अडतं. उंचीही वाढते. १८ च्या रिमवर ८०/१०० च्या जागी १००/९० टाकला तर चाकाचा व्यास ६१७ वरून ६३७ मिलिमीटर होतो, सव्वातीन टक्क्यांनी मोठा. दर फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते, म्हणून चढावर आणि ओझ्यावर इंजिनाला तेवढं जास्त ओढावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा टायर आणि रिमची जोडी आणखी महत्त्वाची होते, कारण टायर गरम होतो तो मुख्यतः भिंती वाकण्या-सरळ होण्याने. हवा कमी, ओझं जास्त आणि रिम अरुंद असली की भिंती नको तिथे नको तितक्या वाकतात.

१८९० ची युक्ती

टायर आणि रिम यांची ही जोडी जमवायला माणसाला बराच वेळ लागला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ सालीच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर पुन्हा शोधला. त्याचा टायर रिमला कापडाने गुंडाळून चिकटवलेला असे. पंक्चर झालं की सगळं सोलून काढावं लागे.

१८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्चने उत्तर शोधलं. टायरच्या कडांत न ताणणारी तार घालायची आणि रिमच्या मधोमध एक खोल पन्हळ ठेवायची. तार ताणत नाही, मग ती रिमच्या उंच काठावरून आत जाते कशी? एका बाजूची कड मधल्या पन्हळीत ढकलायची, म्हणजे समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि तिथून कड पट्टीने वर काढता येते. आर्णी रोडवरचा पंक्चरवाला टायरवर गुडघा रोवून, कड आत दाबून, समोरून लोखंडी पट्टी घालतो तेव्हा वेल्चचीच युक्ती वापरत असतो. त्याच्या हाताला पन्हळीची खोली बरोबर माहीत असते. आणि टायर रिमपेक्षा भलताच जाड असला की पहिली कुरकुर तोच ऐकतो: कड बसत नाही, हवा भरताना एक बाजू वर राहते, चाक फिरवलं की टायर लचकताना दिसतो.

आज या जोडीतला टायर आपल्या शेजारीच तयार होतो. नागपूरजवळ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत सीएटचा दुचाकी-तीनचाकीच्या टायरांचा कारखाना आहे, आणि ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग त्याच बुटीबोरीहून निघून वर्ध्यावरून यवतमाळला येतो. टायरचा साचा बनवतानाच तो कोणत्या रुंदीच्या रिमवर बसणार हे धरलेलं असतं. नक्षी, माथ्याची गोलाई, दोऱ्याचा कोन, सगळं त्या एका अंतरावर बेतलेलं.

जोडी कशी ओळखायची

मोजमापाच्या रिम लक्षात ठेवायला सोप्या आहेत:

८० चा टायर: १.८५ इंच
९० चा टायर: २.१५ इंच
१००/९० चा टायर: २.५० इंच
१२०/८० चा टायर: २.७५ इंच
१३०/७० चा टायर: ३.५० इंच
१४०/७० चा टायर: ४.०० इंच

बहुधा यांच्या लगतची एखादी रिमही चालते. ८० च्या टायरला १.६० चालते, म्हणूनच शंभर सीसीच्या गाड्या सुखाने धावतात. पण १००/९० ला १.६० चालणाऱ्यांत बसत नाही. टायर कंपन्यांच्या तक्त्यात प्रत्येक टायरपुढे चालणाऱ्या रिमची यादी दिलेली असते. दुकानदाराला तो तक्ता मागायला संकोच करू नका.

१२०/८० चा अपवाद सोडला तर या यादीत एक सुंदर क्रम लपलाय. रिमला टायरच्या रुंदीने भागून पाहा. ८० च्या टायरला रिम त्याच्या ५९ टक्के. १००/९० ला ६४ टक्के. १३०/७० ला ६८, १४०/७० ला ७३. आणि मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांच्या १८०/५५ ला ५.५० इंचांची रिम, म्हणजे ७८ टक्के. साधारणपणे टायरची भिंत जितकी बुटकी, तितका रिमचा वाटा मोठा. कारण बुटक्या भिंतीत दोऱ्याला वळायला जागाच कमी. तिला रिमने जवळून आधार द्यावा लागतो. उंच भिंतीला बाहेर झुकून पुन्हा आत यायला ऐसपैस जागा असते, म्हणून अरुंद रिमवरही तिचा आकार जमतो.

ज्याला खरंच जाड टायर हवाय त्याने आधी रुंद रिमचा विचार करावा, मग चिमट्यातली जागा, मग मडगार्ड, आणि सगळ्यांत शेवटी टायर. ज्याची गाडी वावरात जाते त्याने कंपनीचंच माप ठेवावं, भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये आणि आठवड्यातून एकदा थंड चाकात हवा तपासावी. या भागातल्या रस्त्यांसाठी यापेक्षा स्वस्त आणि मोठी सुधारणा मला माहीत नाही.

आणि ज्याला स्वतः पडताळून पाहायचंय त्याच्यासाठी एक प्रयोग. पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा हवा भरल्यावर व्हर्नियर कॅलिपरने त्याची रुंदी सर्वांत फुगीर जागी मोजा, रिमवरचा आकडा वाचा आणि ४० टक्क्यांचा हिशेब मांडा. आयटीआयच्या मुलांनी एकच टायर दोन वेगळ्या रुंदीच्या रिमवर चढवून पाहिला तर आणखी छान. कॅलिपरचा आकडा आणि वहीतला आकडा एकमेकांच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत आले की टायरवर छापलेली संख्या अर्धीच होती, उरलेली अर्धी रिमवर लिहिलेली होती, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही.